चौदा काड्या

१२ मार्च

मुंगे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. ती म्हणाली, "अक्षर माझं आणि आत तुम्ही. ही फसवणूक आहे." मी म्हटलं, साऊंडवाल्याचा धंदाच तो, तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडून. हसली नाही. पत्ता मात्र लिहून दिला.

काम निघालं म्हणून लिहितोय. एकोणीस वर्षांत कामाशिवाय लिहिलं नाही, तेव्हा आता उगाच गोड बोलत नाही.

आपल्या बँडची, 'सावकाश'ची तबकडी पुन्हा निघते आहे. एक मुलगी आहे, तिशीची असेल. दोन खोल्यांत रेकॉर्ड कंपनी चालवते, खोकी स्वतःच बांधते. दुकानात आली तेव्हा मला वाटलं, कुणाच्या समारंभाला स्पीकर हवेत. तर काउंटरवर आपली तबकडी ठेवली, गादीच्या कापडाचं पाकीट, पट्टे पार उडालेले. "तुम्हीच ना 'सावकाश'चे साऊंडवाले?" माझ्या हातात तारांना डाग देण्याचं यंत्र तापलेलं होतं. ते तसंच धरून उभा राहिलो. दुकानात आता अकरा माणसं कामाला आहेत. त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की मालक कधीकाळी बँडमध्ये होता.

तिला दोन गोष्टी हव्यात. एक, आपल्या सगळ्यांच्या सह्या. मास्तर, कंपाउंडर, जोडी, मी, तू. एक जरी कमी असली तरी तबकडी काढणार नाही म्हणाली. तुझी तेवढी राहिली आहे. दुसरं, पाकिटात घालायला बँडचा इतिहास, चार पानं. तो मी लिहायचा. मास्तरांनी लिहिला तर कुणाला समजणार नाही आणि कंपाउंडर लिहितो ते फक्त औषध दुकानदारालाच वाचता येतं.

लिहिला की तुला पाठवतो. चुकलेलं खोडून टाक. सहीचा कागद सोबत आहे.

वहिनी सांगते की तू तिथे मुलांना चेलो शिकवतेस, पण स्वतः कुठे वाजवत नाहीस. मी काही विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.

दादा


४ एप्रिल

मुंगे,

उत्तर नाही. पत्र पोचल्याचं तू वहिनीला फोनवर सांगितलंस म्हणे. म्हणजे फोडलं तरी.

इतिहास सोबत जोडला आहे. मुख्य काय लिहिलंय ते इथेही सांगतो.

सुरुवात गादीच्या कारखान्यापासून केली. रेकॉर्डवाल्या मुलीला वाटलं, मी चेष्टा करतोय. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि घरी गिटार काढली की त्यांची आई रेडिओ मोठा करायची. कंपाउंडर दवाखान्यात बाटल्यांवर चमच्याने ताल धरायचा. खोकल्याची तिसरी बाटली फुटली तेव्हा डॉक्टरच म्हणाले, बाबा, तू ड्रम घे. जागा मी शोधली. गादीवाल्याचे स्पीकर दुरुस्त करून दिले होते, त्याने वरचं गोदाम रविवारी वापरायला दिलं. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या, आवाज बाहेर जायची सोयच नाही. गादीवाला खालून विचारायचा, "वाजवता की झोपता?" व्हायोलिनवाल्या दोघी, आपली जोडी, कापसाच्या तुसाने आलटून पालटून शिंकायच्या. जिन्यावर 'सावकाश चढा' अशी पाटी होती. तिचा 'चढा' कुणाच्या तरी गादीला लागून तुटला. उरलं ते आपलं नाव झालं. वाजवणंही तसंच होतं.

मग तू आलीस, चेलो पाठीवर घेऊन. कंपाउंडर म्हणाला, "मुंगी कपाट घेऊन आली." तेव्हापासून तू मुंगी. बाबा गेल्यावर तुला मी वाढवलं, असं मी चारचौघांत सांगतो. खरं तर तू तुझी तुझी वाढलीस, मी फक्त डबा भरला. हे इतिहासात नाही.

आपण जे वाजवतो त्याला पोस्ट-रॉक म्हणतात, हे आपल्याला चौथ्या वर्षी वर्तमानपत्रातून कळलं, तेही लिहिलं. वहिनीच्या आईने ती बातमी वाचून विचारलं होतं, "जावई पोस्टात लागले का?" मी हो म्हटलं. सहा महिने त्या घरात मला मान होता.

कंपन्यांनी आपल्याला दारातूनच परत पाठवलं. "गाणारा कोण?" "गाणारा नाही." "मग गाणं कुठंय?" "येतंय, सावकाश." म्हणून सगळं आपणच केलं. रेकॉर्डिंग मी केलं, पाकिटं जोडीने गादीच्या कापडाची शिवली, आणि दुकानादुकानांत तबकड्या कंपाउंडर सायकलवरून टाकून आला.

मग 'चौसष्ट'. मास्तरांची गिटार एकच आठ सुरांची ओळ चौसष्ट वेळा वाजवणार, सगळे गप्प, आणि पासष्टाव्याला चेलोसकट सगळे एकदम. बाकीच्यांना मास्तरांचा पाय दिसायचा. तू ड्रमच्या मागे, तुला काही दिसायचं नाही. म्हणून मी विजेरीचा बल्ब एका टोपणात बसवून तुझ्या स्टँडला लावला. उजेड तुझ्यापुरता, बटण हॉलच्या शेवटी माझ्या मिक्सरजवळ. आवर्तनं मोजायला काडेपेटीची दोन खोकी, डाव्यात चौसष्ट काड्या, उजवं रिकामं. एक आवर्तन झालं की एक काडी डावीकडून उजवीकडे. डावं रिकामं झालं की दिवा. कंपाउंडरने माझं नाव 'काड्या' ठेवलं. म्हणायचा, "काड्या करणारे पुष्कळ पाहिले, मोजून करणारा हा एकच."

इथवर लिहायला मजा आली. पुढे एक वाक्य आहे: "टाउन हॉलच्या कार्यक्रमात चेलो चौदा आवर्तनं आधीच सुरू झाला." त्याच्याखाली अर्धं पान कोरं ठेवलंय.

दादा


२६ एप्रिल

मुंगे,

रेकॉर्डवाली परवा येऊन गेली. कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, छपाईला वेळ आहे. ती म्हणाली, "काका, लोक ही तबकडी ऐकतात ती त्या चौदा आवर्तनांसाठी. एकटा चेलो, सोबत नुसती गिटारची ती ओळ. कधी थांबेल वाटतं आणि थांबत नाही. ते लिहिलं कोणी?"

लोक समजत आले तसं मास्तरांचं नाव मी सांगितलं नाही. माझंही नाही. पाणी आणतो म्हणून आत गेलो.

मग मास्तरांना भेटून आलो. आता निवृत्त आहेत, एकटेच राहतात, टेबलावर अजून आलेखाचा कागद. दार उघडताच म्हणाले, "या काडीपंत. गुडघे कसे आहेत?"

"करकरतात."

"कुठल्या सुरात?"

"डावा बरोबर आहे, उजवा उतरलाय."

चहा झाला. मी विचारलं, "मास्तर, चौदा आवर्तनं कुणाची?" त्यांनी कपाटातून वही काढून पुढे ठेवली. शाईने लिहिलेलं, 'चेलो: पन्नासनंतर'. मी ती खिडकीशी नेली. पन्नासच्या खाली चौसष्ट खरवडलेलं स्पष्ट दिसत होतं. गणिताच्या मास्तरांनी मुलांना आयुष्यभर सांगितलं, खाडाखोड केली की गुण कापणार.

मी वही मिटून त्यांच्या समोर बसलो. माझे कान तिखट आहेत हे त्यांना ठाऊक आहे. मी गप्प बसलो की समोरच्याचा श्वाससुद्धा मोजतो, असं तेच म्हणायचे. शेवटी म्हणाले, "लोकांनी विचारलं तेव्हा मी नुसतं हसलो होतो. पुढच्या वेळी मान हलवली. तिसऱ्या वेळी वही दुरुस्त केली. तिची चूक होती, माझ्या नावावर चांगली दिसली, एवढंच."

"चूक तिची नव्हती."

"मग?"

मी सांगितलं. सगळं. तुला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं, हे चुकलंच. पण सराव लागतो, मुंगे. मीही सावकाशवालाच.

मास्तरांनी कप बशीवर फिरवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, मोजता येत नसेल त्याने वाजवू नये."

"हो."

"तू तिथे होतास."

"हो."

"तू काहीच बोलला नाहीस."

"बोललो. त्याचाच घोळ आहे."

निघताना जिन्यापर्यंत आले. "काड्या, ती चौदा माझी नाहीत हे मान्य. पण आधीची पन्नास माझीच ना?" मी म्हटलं, पन्नास तुमचीच. आत जाऊन त्यांनी वहीवर पुन्हा चौसष्ट लिहिलं असावं. पेनाचा आवाज दारातून आला.

त्यांना काय सांगितलं ते पुढच्या पत्रात. आज एवढंच झेपलं.

दादा


१ मे

मुंगे,

आता सरळ लिहितो.

त्या दिवशी मिक्सरशी माझ्या शेजारी हॉलचा व्यवस्थापक येऊन बसला. 'चौसष्ट' सुरू झालं होतं, मास्तरांची गिटार हळू, कुजबुजलं तरी चालत होतं. तो म्हणाला, "तुमचे कान फार तयार आहेत असं ऐकलंय." झालं. मी त्याला म्हटलं, वरचा तिसरा पंखा ऐका, त्याचं बेअरिंग जाणार आहे. मग हॉलमध्ये कुणाच्या बुटाला टाचेत खिळा आहे ते सांगितलं. मग आणखी काय काय. गडी मान डोलवत होता, मी फुगत होतो.

मध्येच भान आलं की काड्या राहिल्या. किती वेळ बोललो याचा अंदाज केला. ओळ माझ्या कानात होतीच, ती मनात मागे फिरवली आणि ठरवलं की बोलण्यात चौदा आवर्तनं गेली. चौदा काड्या मोजून एकदम उजवीकडे टाकल्या. कान माझे, त्यामुळे शंका आली नाही. पण झालं होतं ते असं, की तोंड बोलत असताना माझा हात आपलं काम करत होता. प्रत्येक आवर्तनाला एक काडी, सवयीने. हाताने मोजली होती तीच चौदा मी पुन्हा मोजली. माझं तोंड चुकलं, कान चुकले, हात बरोबर होता, आणि मी हातावर विश्वास ठेवला नाही.

डावं खोकं रिकामं झालं. मी दिवा लावला. तू सुरू केलंस. मास्तरांची ओळ चालूच होती, बाकी कुणी हललं नाही. तेव्हाच कळलं मला, त्याच क्षणी. मी दिवा बंद केला. तू थांबली नाहीस. एका सुरावर राहिलीस, मग हळूच दोन, मग चार, आणि मी चौदा काड्या डावीकडे परत टाकून एकेक उचलत बसलो. चौसष्टाला पुन्हा दिवा लावला. मग सगळे आले.

कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागे मास्तर तुला बोलले. तू म्हणालीस, "दिवा लागला होता. दोनदा लागला." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तूही. मी म्हटलं, "चौसष्टाला लागला. एकदाच." पहिलं वाक्य खरं होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान निम्मा माणूस राहिलो असतो.

का म्हणालो, ते सांगतो, त्याने काही सुटत नाही. फूटपाथवर रेडिओ दुरुस्त करण्यापासून मी सुरुवात केली, शाळा अर्धी सोडून. माझ्याकडे होतं काय, तर कान. कान चुकले असं त्या सगळ्या शिकलेल्या माणसांसमोर म्हणणं मला जमलं नाही. तुझ्याकडे अजून पुष्कळ आहे, तू सावरशील, असं वाटलं.

त्याहून वाईट पुढे आहे. चार दिवसांनी तू म्हणालीस, "दादा, मला दोन दिवे दिसले. डोळे तपासून घ्यावेत का?" आणि मी तुला घेऊन गेलो. मी. नेत्रतज्ज्ञाकडे नंबर लावला, बसने नेलं, बाहेर बाकावर बसलो. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम. येताना बसमध्ये आपण काय बोललो ते मला आठवत नाही. त्यानंतर आठवड्याने तू गोदामाची किल्ली वहिनीकडे देऊन गेलीस.

तबकडीवर तोच कार्यक्रम घ्यायचा हट्ट कंपाउंडरने धरला. "चूक असेल, पण मला दवाखान्यात दिवसभर तीच ऐकू येते," म्हणाला. मीही हो म्हटलं. तुझं नाव आतल्या बाजूला बारीक अक्षरात आहे. तेही मीच लावलं होतं.

इतिहासातली कोरी जागा आता भरली आहे, नवी प्रत सोबत आहे. तू सही केलीस काय आणि नाही केलीस काय, ते पान असंच राहील. ती उजवीकडची पेटी माझ्या खणात होती. पाठवतोय. काड्या चौदाच आहेत, बाकीच्या वहिनीने गॅस पेटवायला वापरल्या. या चौदांना तिला हात लावू दिला नाही. का, असं तिने विचारलं होतं. तिलाही आज सांगितलं. तिने मला जेवण वाढलं आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन जेवली.

दादा


७ जून

मुंगे,

तुझं पाकीट मिळालं. सही आहे. पेटीही परत आली. वहिनीने काड्या मोजल्या, मला मोजू दिल्या नाहीत.

तुझी चिठ्ठी मी दुकानात वाचली, मग घरी वाचली. वहिनीने ती मोठ्याने वाचून दाखवायला लावली. तू लिहिलंयस ते खाली जसंच्या तसं उतरवतोय. पाठ झालं आहे, पण माझ्या हाताने एकदा लिहावं असं वाटलं.

"दादा, मी मोजत होते. दिवा होता तरी मी रोज मोजायचे. पन्नास झाली होती हे मला माहीत होतं. दिवा लागला तेव्हा वाटलं, दादाचं चुकणार नाही, आपलंच चुकलं. म्हणून वाजवलं. चौदांनी परत लागला तेव्हा कळलं. डोळ्यांना काही झालं नव्हतं. तुझ्याबरोबर बसने जायचं होतं, म्हणून म्हटलं. जाताना अकरा थांबे, येताना अकरा. तेवढ्यात सांगशील असं वाटलं होतं. जाताना तू गिअरबॉक्सबद्दल बोललास. येतानाही. तिसरा गिअर खराब आहे म्हणालास."

खराबच होता. हे सुद्धा लिहायला नको होतं, पण लिहिलं गेलं.

वहिनी ऐकून म्हणाली, "बावीस थांबे. आणि माणूस गिअर ऐकत बसला." मग म्हणाली, "तिने खोडलंय काय ते दाखवा."

इतिहासात तू एकच शब्द खोडला आहेस. 'साऊंडवाल्याच्या चुकीमुळे तिला एकटीला वाजवावं लागलं' यातला 'लागलं' काढलास आणि वर लिहिलंस: 'तिने वाजवलं'. वाक्य आता व्याकरणात बसत नाही. मास्तर म्हणाले, असंच छापा. त्यांनी स्वतःहून रेकॉर्डवालीला फोन करून सांगितलं की ती चौदा त्यांची नाहीत. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "गुण कापले गेले." आवाज हलका झाला होता त्यांचा, मी ऐकला.

तबकडी निघेल तेव्हा रेकॉर्डवाली छोटा कार्यक्रम करणार आहे, तोच हॉल. जोडी तयार आहे. कंपाउंडर नातवाला ड्रमवरून हाकलून सराव करतोय. तू चिठ्ठीच्या मागे लिहिलंयस: "वाजवायला येईन. दिवा नको. मी मोजेन." दिवा मी स्टँडवरून उतरवला. वायर गुंडाळून ठेवली. त्या दिवशी मिक्सरशी वहिनी माझ्या शेजारी बसणार आहे, मी कुणाशी बोलू नये म्हणून. काड्या नाहीत. हाताला काय काम द्यावं ते अजून सुचलेलं नाही.

तू बावीसला सकाळी स्टेशनवर येतेस. दुकानाची गाडी आहे, पण आणणार नाही. कागदावर सांगून झालं, तोंडाने व्हायचंय. आपण बसने घरी जाऊ. बस नवीन आहे, विजेवरची, तिला गिअरच नाहीत, काही आवाज येत नाही. थांबे मी जाऊन मोजले. अजून अकराच आहेत.

दादा